मशीनपाशी डोळे मिटू नयेत

९ जानेवारी

धाकट्या,

नाही, मी मशीनपाशी प्रार्थना करत नाही. कधीच करत नव्हते. तू विचारलं नाहीस हे माहीत आहे मला. न विचारताच तू चर्चच्या अख्ख्या मंडळीला सांगून मोकळा झालास, म्हणून मीही न विचारता सांगते. मोठा ड्रम पिळायला लागला की मी त्याच्या अंगावर हात ठेवते आणि डोळे मिटते, ते बेअरिंग ऐकायला. बिघडत आलं असेल तर आत बारीक टकटक असते. डोळे उघडे असले की चार गोष्टी दिसतात आणि कान भरकटतो. टकटक आली तर फिटरला हाक मारायची, नाही आली तर पुढच्या ड्रमकडे जायचं. संपलं.

तू एकदाच इथे आलास. दवाखान्याच्या लॉन्ड्रीच्या दाराला काच आहे, तिच्यातून बघितलंस. आत आला नाहीस, आत ओलं असतं, बूट खराब झाले असते. आणि परत जाऊन वेदीपाशी उभं राहून ठोकून दिलंस की माझी थोरली बहीण प्रत्येक यंत्रापुढे डोळे मिटते, मळक्या चादरींत तिला ख्रिस्त दिसतो. वर चर्चच्या मासिकात छापलंस. मळक्या चादरींत मला रक्त दिसतं, पू दिसतो, आणि नर्सबाईने घाईत विसरलेली सुई वेळेवर दिसली तर नशीब. तेव्हापासून मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तुला वाटलं असेल, किती नम्र आहे, कौतुक नको म्हणते. नम्र वगैरे काही नाही, मला राग आला होता. अजून आहे.

पण आज लिहायचं कारण तुझी पोरगी. मुकादमाने तुला फोन करून सांगितलंच आहे, पण तो काय सांगेल ते मला ठाऊक आहे, पोरगी उभ्या उभ्या झोपली म्हणेल, म्हणून नीट ऐक. फोनवर तू मला कधी बोलू दिलं नाहीस, मध्येच 'आपण प्रार्थना करू या' म्हणायचास. कागदाला मध्ये तोडता येत नाही.

तिचा हात इस्त्रीच्या रुळात गेला. बोटं आहेत. दोन बोटं चांगलीच भाजलीत, नखं गेलीत, ती येतील म्हणतात. हा रूळ म्हणजे आडवा, तापलेला, माणसाएवढा लांब. ओली चादर एका बाजूने सोडायची, दुसऱ्या बाजूने कडक होऊन निघते. तिथे ऐकायचं काही नाही. तिथे डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं. आणि तुझी मुलगी तिथे डोळे मिटून, हात टेकवून उभी राहिली. मी ड्रमपाशी करते तस्सं. चादरीने बोटं आत ओढली. रुळावर काम करणारी मावशी शेजारीच होती म्हणून तिने लाल बटण दाबलं. मी लांबून ओरडले, पण माझं ओरडणं त्या आवाजात कोण ऐकतंय.

ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा तुझ्या कॉलेजातलं धर्माचं शिक्षण अर्ध्यावर सोडून आली होती. तू चार दिवस तिच्याशी बोलला नाहीस. मग ती लॉन्ड्रीत लागली असं कळलं आणि तुला नवा उपदेश सापडला, माझ्या लेकीने सेवेचा टॉवेल कमरेला बांधला. तो उपदेश तू तिला पाठवलास, तिने मला वाचून दाखवला. वाचताना हसत होती. मी तेव्हा हसण्याकडे नीट बघायला हवं होतं, ते जाऊ दे.

पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं होतं, आत्या तू डोळे मिटून काय करतेस. मी म्हटलं, तू तुझ्या टोपलीकडे बघ. गर्दीची वेळ होती.

हात बरा होतोय. येऊ नकोस. आलास तर मला तुझा पाहुणचार करायला सवड नाही.

ताई

१९ जानेवारी

धाकट्या,

तुला कुणी सांगितलं होतं दवाखान्याला पत्र लिहायला? मी सांगितलं नव्हतं. पोरीने सांगितलं नव्हतं. तू आपला उंटावरून शेळ्या हाकायला बसलास.

आता काय झालं ते वाच. रुळाच्या तोंडाशी एक पट्टी असते. बोट तिला लागलं की रूळ आपोआप थांबतो. चांगली सोय आहे. पण ती पट्टी जुनी झालीय, चादरीची घडी लागली तरी थांबते, वारा लागला तरी थांबते, आणि वर वॉर्डातून माणसं बोंबलतात की चादरी कुठे आहेत. म्हणून मावशीने ती चिंधीने मागे बांधून टाकली होती. मावशीने बांधली, मी बघितली, मुकादमाने बघितली. मुकादम त्या चिंधीवर आपला चष्मा पुसायचा. दुरुस्ती सांगा म्हणून आम्ही त्याच्या मागे लागलो होतो आणि तो म्हणायचा, बघू.

अपघाताच्या चौकशीला वरचे साहेब आले तेव्हा आम्ही ठरवलं होतं की पट्टीचं सगळं सांगायचं. मावशीसुद्धा तयार झाली. तिची नोकरी जाईल या भीतीने तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी तयार झाली. आणि मुकादमाने खिशातून तुझं पत्र काढलं. चर्चच्या छापील कागदावर. त्यात काय, तर माझी कन्या झोपली नव्हती, ती त्या क्षणी प्रार्थनेत मग्न होती, याची नोंद व्हावी.

झाली नोंद. साहेबांनी पत्र वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, बाकी विचारायचं कारणच उरलं नाही. खुद्द बाप लिहून देतोय की पोरीचं लक्ष मशीनवर नव्हतं. मी पट्टीचं बोलायला लागले तर म्हणाले, बाई, तुमच्या घरातलाच माणूस आहे ना हा. मुकादम माझ्याकडे बघून हसला. इतकं गोड हसला की मला त्याचे दात मोजावेसे वाटले, पाडून हातात घेऊन.

तुला वाटलं, झोपेचा डाग पुसतोय. तू पुसला नाहीस, त्याच्यावर इस्त्री फिरवलीस. डाग गरम केला की पक्का होतो, लॉन्ड्रीत पहिल्या दिवशी शिकवतात हे.

आता तिला कामावर घ्यायचं की नाही ते महिनाअखेर ठरणार. आणि भिंतीवर एक पाटी लागलीय: मशीनपाशी डोळे मिटू नयेत. काल मी ड्रमवर हात ठेवला तर मुकादम मागून येऊन म्हणतो, आजी, पाटी वाचता येते ना. मी म्हटलं, वाचता येते, ऐकता तुला येत नाही. तर मला लेखी ताकीद. इतकी वर्षं झाली, पहिली. ठेवलीय जपून, तुझ्या मासिकाला पाहिजे असेल तर छाप.

आणि तुझं दुसरं पत्र, पोरीला आलेलं. पट्टी बांधलेला हात घेऊन तिने रविवारी मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यावी म्हणे. अग्नीतून देवाने कसं राखलं. ऐक, तिला देवाने राखलं असेल, मी कोण नाही म्हणणारी, पण बटण मावशीने दाबलं. साक्षीला मावशीला बोलवशील? ती तुमच्यातली नाही. ती कुणातलीच नाही, ती म्हणते मला सुट्टीच्या दिवशी फक्त झोप पाहिजे.

तू लिहितोस, प्रभूनेही शिष्यांचे पाय धुतले आणि कमरेच्या टॉवेलाने पुसले. मान्य. तो टॉवेल नंतर कुणी धुतला? यावर तू कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. पाय धुणारे दरवर्षी निघतात, ओला टॉवेल कुणाच्या तरी टोपलीत पडतोच.

पोरगी तिकडे येणार नाही. हे मी म्हणत नाही, ती म्हणाली. पण दाराकडे बघत म्हणाली, म्हणजे तू जोर लावलास तर येईलही. म्हणून सांगते, लावू नकोस.

ताई

३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. पहिल्या पानावर क्षमा मागितलीस, दुसऱ्या पानावर ती परत घेतलीस. दोन पानं कशाला खर्च केलीस?

तू विचारतोस, ती तेव्हा काय प्रार्थना करत होती. सगळ्यांनाच ते पाहिजे. मलाही पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू. मी तिच्या हाताची पट्टी बदलत होते. डॉक्टरने मलम दिलंय, ते लावताना दुखतं, म्हणून मी तिला बोलतं ठेवते. विचारलं. म्हटलं, असं काय मागत होतीस देवाकडे, की रुळाची वाफ तोंडावर येत होती तरी डोळे उघडले नाहीस.

ती म्हणाली, "मागत नव्हते आत्या. बघत होते, काही येतं का."

मी म्हटलं, काय यायचंय.

"पप्पांना येतं. तुला येतं. मला लहानपणापासून डोळे मिटले की नुसता काळोख दिसतो. कॉलेजात सगळे गुडघ्यांवर रडायचे, मी त्यांच्याकडे बघून रडायचे. मला वाटलं, तुझ्यासारखं काम करताना तरी येईल. ड्रमपाशी करून बघितलं, नाही आलं. म्हणून रुळापाशी."

आता सांग, याचं काय करू? तुझ्या पोरीने बोटं कशापायी भाजून घेतली, तर मला काय येतं ते बघायला. आणि मला काय येत होतं, टकटक. मी तिला तेव्हा सांगितलं बेअरिंगचं. ती हसायला लागली, मग ते हसणं काही थांबेना, आणि मी मलमाची डबी घेऊन तशीच बसले. तिला जवळ घ्यायला हवं होतं म्हणशील. हात मलमाचे होते.

मी तिला म्हटलं, हे बघ, तुला काही येवो न येवो, चादर कोरडी निघाली पाहिजे. ओली चादर अंगाखाली गेली तर आजाऱ्याची पाठ फुटते. देव आला नाही म्हणून त्याची पाठ फुटायची थांबत नाही. ती म्हणाली, हे पप्पांसारखंच बोललीस, फक्त रागावून. हे मला लागलं. तुलाही लागू दे.

दुसरी गोष्ट. ती सुट्टीवर असूनही येऊन बसते, एका हाताने उशांचे अभ्रे निवडते. मुकादम काही बोलत नाही, फुकट हात कुणाला नको. परवा वरच्या मजल्यावर चादरी पोचवायला माणूस नव्हता तर ती ट्रॉली ढकलत गेली. बराच वेळ आली नाही. मी मनात शिव्या घातल्या. परत आली, ट्रॉली जागेवर लावली. मग सांगितलं की तिथे एक म्हातारे आजोबा आहेत, हलता येत नाही त्यांना. नर्सबाईने त्यांना कुशीवर वळवलं आणि मोकळ्या झालेल्या चादरीवरून तळहात फिरवत होती, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुरकुती शोधत होती. सुरकुती राहिली की तिथे जखम होते. एक सापडली, तिने ती ओढून काढली, परत हात फिरवला. आजोबा म्हणाले, आता बरं वाटतं.

पोरगी मला म्हणाली, आत्या, ती चादर आपली होती. काठावर आपली खूण होती.

मी म्हटलं, मग कुणाची असणार. एवढंच बोलणं झालं. यावर तू लगेच कागद पुढे ओढशील, मला माहीत आहे. ओढू नकोस. तिने आणखी काही म्हटलं नाही. तिच्या चेहऱ्यावर तेज-बिज आलं नाही. ती खाली बसली आणि निवडून झालेले अभ्रे तिने परत काढले आणि एकेक उजेडात धरून बघायला लागली. दुपारचा चहा गार झाला, प्यायली नाही.

तुला काय वाटतं ते तुझ्यापाशी ठेव. मला ते बघून बरं वाटलं, आणि कुणावर रागवावं कळेना म्हणून मी मावशीवर खेकसले.

ताई

११ फेब्रुवारी

धाकट्या,

महिनाअखेर उलटून गेली, निकाल आज लागला. मी आणि मावशी वर गेलो होतो साहेबांकडे, मुकादमाला न विचारता. मावशीने ती चिंधी नेली होती, टेबलावर ठेवली. म्हणाली, ही मी बांधली, आणि हे बघा चष्म्याचे डाग, हे माझे नाहीत. साहेबांनी चिंधी उलटून बघितली. मी म्हटलं, पोरीचे डोळे मिटले होते हे खरं. पण पट्टी मोकळी असती तर मिटल्या डोळ्यांनीही बोटं वाचली असती, पट्टी त्यासाठीच असते, माणसाचं लक्ष उडतं म्हणून. कधी प्रार्थनेत उडतं, कधी घरच्या कटकटीत उडतं, साहेब तुमचं आत्ता घड्याळात उडालंय.

मावशीने मला टेबलाखालून लाथ मारली.

पट्टी दुरुस्त व्हायची आहे. मावशीला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. मुकादमाला काय मिळालं ते कळलं नाही, पण हसणं बंद आहे. पोरीला परत घेतात, रुळावर नाही, घडीच्या टेबलावर. मात्र साहेबांनी एक अट घातली. वडिलांचं ते पत्र कागदपत्रांत आहे, ते चुकीचं होतं असं वडिलांनी येऊन सांगावं. म्हणजे तू. इथे, स्वतः. तू म्हणायचं की मी तिथे नव्हतो, मला माहीत नव्हतं, मी अंदाजाने लिहिलं. इतकंच. सोपं आहे. तुला जमेल की नाही याची मला खात्री नाही.

आलास तर गुरुवारी ये. पाळकाची पांढरी कॉलर घालून येऊ नकोस. जुने बूट घाल.

ताई

२४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं, लगेच उत्तर देते, म्हणजे रविवारच्या आत पोचेल.

नाही.

तू विचारतोस, गुरुवारचं मंडळीला सांगू का. नाव न घेता, नातं न सांगता, 'एका बापाची गोष्ट' म्हणून. नाही म्हणजे नाही.

तू आलास, साहेबांसमोर उभा राहिलास, म्हणालास ते म्हणालास. घाम आला होता तुला. मी बघितला, आणि मला तेवढ्यापुरता तू लहान असतानाचा आठवलास, ते काही लिहिण्यासारखं नाही. मग तू लॉन्ड्रीत आलास, या वेळी आत. मला भीती होती की आता हा मशीनला आशीर्वाद देतो की काय. पण पोरगी घडीच्या टेबलापाशी एका हाताने चादरीशी झगडत होती, जोडीदारीण आली नव्हती, आणि मी तुला म्हटलं, उभा काय राहतोस, दुसरं टोक धर.

धरलंस. वाईट धरलंस. तू ओढत होतास. तिच्या हातातून चादर सुटत होती, भाजलेल्या बोटांनी ती परत पकडत होती, आणि तुझ्या लक्षात येत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, पप्पा ओढू नका, पुढे या. चादरीची घडी ओढून होत नाही, दोघांनी चालत जवळ यावं लागतं. तू आलास. परत मागे गेलास, परत आलास. पाचसहा चादरींनंतर जरा बरं जमायला लागलं. मावशी म्हणाली, पाळकसाहेबांना ठेवून घ्या, हात स्वच्छ आहेत.

आणि मग अशाच एका घडीला तुम्ही दोघं समोरासमोर आलात तेव्हा तिने तुला सांगितलं. मला जे सांगितलं होतं तेच. डोळे मिटले की नुसता काळोख, काही येत नाही, कधीच आलं नाही. मला वाटलं आता उपदेश सुरू होणार. मी अभ्र्यांचा गठ्ठा उचलून पुढे आले होते, तुला थांबवायला.

तू म्हणालास, "मलाही येत नाही. बरीच वर्षं."

बस. ड्रम चालू होता. मला ऐकू आलं, कारण मी जवळ होते. मावशीला आलं नाही. पोरीने चादरीचं टोक तुझ्या हातातून घेतलं, घडी पुरी केली, थप्पीवर ठेवली. पुढची काढली. तू परत मागे गेलास. ट्रॉली रिकामी होईपर्यंत तुम्ही दोघं घड्या घालत राहिलात, आणि जाताना ती तुझ्यासोबत फाटकापर्यंत आली. सुट्टी न मागता. मी तिला त्यासाठी बोलले.

त्याच रात्री, बहुतेक गाडीतच, तू कागद काढून मुद्दे लिहिलेस. मला दिसतोयस तू लिहिताना.

ते तू तिला सांगितलंस. मंडळीला नाही. जन्मभर तू काही नुसतं तिलाच सांगितलं नव्हतंस, जे सांगितलंस ते सगळं आधी वेदीवरून सांगून झालेलं असायचं, तिच्या वाट्याला शिळं यायचं. हे एक ताजं मिळालं. ते तिच्यापाशी राहू दे. रविवारी तुझ्याकडे बोलायला काही नसेल तर बोलू नकोस, मंडळी मरत नाही. नसेल राहवत तर खुर्च्या पुसायला जा.

ती कशी आहे विचारलंस. कामावर आहे. जेवते. देवाचं काय म्हणते, विचारलंस. ते तिला विचार, आणि तेही पुढच्या गुरुवारी येऊन, दुसरं टोक धरून. चादरी कमी पडणार नाहीत.

त्या दिवसाबद्दल मला काय वाटलं तेही विचारलंस. सांगणार नाही. तिसऱ्या पानावर परत विचारलंस, तरी सांगणार नाही. माझ्याकडून यापुढे एक शब्द मिळायचा नाही.

ताई